वय अधिक शंभर? वयानुसार रक्तदाब किती असावा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

वडील ७१ वर्षांचे आहेत. तब्येत काटक, शेतावर अजून रोज चक्कर असते. गेल्या आठवड्यात गावात आरोग्य शिबिर झालं, तिथे त्यांचं बीपी १६४/७६ निघालं. मोजणाऱ्याने आकडा कागदावर लिहून दिला आणि सांगितलं, "आजोबा, काळजी नको. वय अधिक शंभर एवढं वरचं चालतं. तुमचं १७१ पर्यंत चालेल." वडिलांनी तो कागद खिशात जपून ठेवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतायत.

मला ते पटत नाही. आत्याला साधारण याच वयात अर्धांगवायूचा झटका आला. तिचंही बीपी वयाच्या मानाने ठीक आहे असंच सगळे म्हणायचे.

नेटवर शोधलं तर वयाचे तक्तेच तक्ते. विशीत इतकं, तिशीत इतकं, साठीनंतर इतकं. एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. जाणकारांनी सांगावं: वयानुसार नॉर्मल आकडा खरंच बदलतो का? आणि खालचा आकडा ७६ म्हणजे चांगलाच की, मग फक्त वरच्याची काळजी करायची का?

देवराई

आमच्या आजोबांच्या फॅमिली डॉक्टरांनीही हेच सूत्र सांगितलं होतं. ते डॉक्टर नावाजलेले होते, त्यामुळे निव्वळ अडाणीपणा म्हणता येणार नाही. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

सह्यकडा

मी एमडी मेडिसिन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. या सूत्राचे परिणाम जवळपास रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देवराई, तुमचं बरोबर आहे. एके काळी हे सूत्र शिकले-सवरलेले डॉक्टरही वापरत. वय वाढलं की धमन्या कडक होतात, तेव्हा मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पोचवायला शरीर दाब मुद्दाम वाढवतं, असा समज होता. तो दाब औषधाने उतरवला तर उलट इजा होईल अशी भीती होती.

त्या समजाची किंमत कशी मोजावी लागली याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९४१ मध्ये त्यांचं बीपी १८८/१०५ होतं. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयविकारतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा ते १८६/१०८ होतं, हृदय मोठं झालेलं होतं आणि ते निकामी होत चालल्याची लक्षणं दिसत होती. त्यांचे नेहमीचे डॉक्टर रॉस मॅकिन्टायर मात्र लोकांना तब्येत वयाच्या मानाने ठीक असल्याचं सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले. वय ६३. त्या दिवशी नोंदलेलं बीपी ३००/१९० होतं. तेव्हा हाताशी चांगली औषधंही नव्हती हे खरं, पण मुळात हा आजार आहे हेच बहुतेकांना मान्य नव्हतं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय हृदय कायदा झाला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावात हजारो निरोगी माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास सुरू झाला. बीपी जितकं जास्त तितका झटक्याचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त, आणि हे म्हाताऱ्यांनाही लागू आहे, हे तिथून पुढे सिद्ध होत गेलं.

आता मूळ प्रश्न. वयाबरोबर सरासरी बीपी वाढतं, हे निरीक्षण खरं आहे. पण जे बहुतेकांत आढळतं ते निरोगी असतंच असं नाही. सत्तरीत बहुतेकांना मोतीबिंदू असतो, म्हणून मोतीबिंदू असलेला डोळा निरोगी ठरत नाही. ते तक्ते याच घोळातून आलेत. कुठल्या वयात सरासरी किती आढळतं याचे आकडे कुणीतरी 'किती असावं' या मथळ्याखाली छापले आणि ते फिरत राहिले.

१८ वर्षांच्या पुढे निदानाची रेषा सगळ्यांना एकच आहे. १२०/८० च्या खाली उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी नीट मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उच्च रक्तदाब. यात दोन्ही आकडे चढलेले असायची गरज नाही, एक चढला तरी पुरे. २५ वर्षांच्या मुलीला आणि ७५ वर्षांच्या आजीला रेषा तीच. वयानुसार बदलतं ते पुढचं: औषध किती घाईने सुरू करायचं, कुठपर्यंत उतरवायचं, काय सांभाळायचं.

खालच्या आकड्याबद्दल. तरुणपणी महाधमनी लवचीक असते. हृदयाचा ठोका पडला की ती फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हळूहळू पूर्ववत होते, त्यामुळे वरचा दाब फार चढत नाही आणि खालचा टिकून राहतो. वयाबरोबर ती कडक होते. मग ठोक्याचा सगळा जोर वरच्या आकड्यात दिसतो आणि खालचा घसरतो. म्हणूनच खालचा आकडा साधारण पन्नाशी-पंचावन्नपर्यंत वाढतो आणि मग उतरायला लागतो, वरचा मात्र वाढतच राहतो. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांच्या दोन आकड्यांत ८८ चं अंतर आहे. इथे ७६ कडे बघून निश्चिंत होऊ नका, ते अंतरच धमन्या कडक झाल्याचं सांगतंय. फक्त वरचा दाब वाढलेल्या साठीपुढच्या रुग्णांवर अमेरिकेत 'शेप' नावाची मोठी चाचणी झाली. १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष आले: औषध दिलेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी. औषध होतं क्लोरथॅलिडोन, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी जुनी, स्वस्त गोळी.

एका शिबिरातल्या एका आकड्यावर निदान करायचं नसतं, हेही तितकंच खरं. आधी घरी नीट मोजा.

अनंतमूळ

डॉक्टरसाहेब, माहितीबद्दल आदर आहे, पण एक शंका स्पष्ट विचारतो. आधी १६० पर्यंत चालायचं, मग १४० झालं, आता अमेरिकेत १३०. रेषा दर वेळी खालीच का येते? रेषा १० ने खाली आणली की रातोरात लाखो नवीन गिऱ्हाईकं तयार होतात. माझे वडील ८८ व्या वर्षी गेले, आयुष्यात कधी बीपी मोजलं नाही.

मोरपिसारा

मी न्यू जर्सीत असते, त्यामुळे ही दोन रेषांची भानगड घरातच अनुभवतेय. इथे २०१७ पासून १३०/८० ला उच्च रक्तदाब म्हणतात. माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या की इथल्या डॉक्टरांच्या मते त्यांना बीपी असतं आणि तिकडे परत गेल्या की नसतं! त्यांचं साधारण १३४/८२ असतं. मात्र इथल्या डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली नाही. मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवा, एवढंच सांगितलं. म्हणजे नाव दिलं, औषध नाही. अनंतमूळ म्हणतात तसं सरसकट गिऱ्हाईक केलं, असं मला तरी दिसलं नाही.

सह्यकडा

अनंतमूळ, शंका रास्त आहे आणि ती विचारायलाच हवी. औषधांचा बाजार आहे हे मी नाकारणार नाही.

पण रेषा खाली का आली ते बघा. २००२ मध्ये सुमारे १० लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून अभ्यास झाला. त्यात दिसलं की ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो. म्हणजे १३९ ला सुरक्षित आणि १४० ला धोका असं निसर्गात काही नाही. चढण आहे, आणि रेषा माणसांनी सोयीसाठी आखली आहे. कुठे आखायची यावर अमेरिका आणि युरोप यांच्यात आजही एकमत नाही. युरोपच्या २०२४ च्या शिफारशीत उच्च रक्तदाब १४०/९० लाच आहे, पण १२०/७० पासून पुढच्या पट्ट्याला 'वाढलेला रक्तदाब' असं वेगळं नाव दिलंय.

२०१५ ची 'स्प्रिंट' चाचणी अमेरिकी सरकारच्या पैशातून झाली, औषध कंपनीच्या नव्हे. ५० च्या पुढच्या, धोका जास्त असलेल्या पण मधुमेह नसलेल्या ९३६१ जणांत वरचा दाब १४० खाली ठेवण्याऐवजी १२० खाली आणला, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून एकत्रित प्रमाण २५ टक्क्यांनी आणि मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत चक्कर आणि मूत्रपिंडाचे त्रासही जास्त आढळले. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. आणि तिथे बीपी शांत खोलीत, यंत्राने, पाच मिनिटं बसवून मोजलं होतं. आपल्याकडच्या गडबडीच्या ओपीडीतले आकडे त्याच्याशी ताडून बघता येत नाहीत.

तुमच्या वडिलांना दीर्घायुष्य लाभलं, चांगलं झालं. पण ज्यांना साठीत झटका येऊन अंथरूण धरावं लागलं, त्यांचीही घरं मी बघतो.

पहाटवारा

मी सातारा जिल्ह्यात एका आरोग्य उपकेंद्रात काम करते. दिवसभर हेच. आकड्यांवर एवढी चर्चा चालली आहे, पण आकडा येतो कुठून ते सांगते.

आजी चढ चढून येतात. पिशवी खाली ठेवायच्या आधीच हात पुढे करतात, "बघ गं पोरी." आम्ही म्हणतो, बसा जरा. बाकाला पाठ टेकत नाही, पाय लोंबकळतात. स्वेटर काढायला नको वाटतो, मग पट्टा बाह्यावरून. बाही गुंडाळून वर सरकवली तर ती दंडाला आवळते. पट्टा फुगतोय तोवर सुनेचं सांगून होतं. यातली प्रत्येक गोष्ट आकडा बदलते. एखाद्या आजींचं असं आल्या आल्या घेतलं तर १७० च्या घरात दिसतं, आणि त्याच आजी लघवीला जाऊन येऊन, पाच-सात मिनिटं गप्प बसून, हात टेबलावर ठेवून मोजल्या की १४० च्या आसपास येतात.

हाताचं तर विशेष सांगते. दंडावरचा पट्टा हृदयाच्या उंचीला हवा आणि हाताला खालून आधार हवा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा जवळपास ४ ने आणि बाजूला लोंबकळत ठेवला तर ६ ते ७ ने जास्त येतो. घरी बरेच जण पलंगावर बसून, हात गादीवर टाकून मोजतात, तेही चुकीचंच.

दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने आकडा खोटा चढतो. मशीन घेताना दुकानदाराला दंडाचा घेर सांगा, पट्ट्यावर माप लिहिलेलं असतं. मनगटावरचं मशीन शक्यतो नको.

घरी मोजायचं तर सकाळी उठून, लघवी करून, चहा-तंबाखू-मशेरीच्या आधी, गोळी चालू असेल तर गोळीच्या आधी. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा दोनदा. असं आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या सरासरीसाठी रेषा १३५/८५ आहे, १४०/९० नाही. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा, ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे धरा.

आणि ३० वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी उपकेंद्रात मोफत होते, गोळ्याही सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. पुरुष मंडळी येत नाहीत, हे मोठं दुःख आहे. बायका निदान मुलाबाळांच्या निमित्ताने येतात. चाळिशीतला पुरुष आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा तोंड वाकडं झाल्यावर.

रातांबा

पहाटवारा ताई, प्रिंट काढून सासऱ्यांच्या कपाटावर चिकटवणार आहे.

वाटसरू_पुणे

वय ३१, आयटी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत १३६/९६. वरचा ठीकच म्हणायचा ना? सगळे म्हणतात कामाचा ताण आहे, सोडून दे. वजन ९२, बायको म्हणते फार घोरतो.

सह्यकडा

वाटसरू, सोडून देऊ नका. तुमच्या वयात चित्र कृष्णाकाठांच्या वडिलांच्या उलट असतं. तिशी-चाळिशीत आधी खालचा आकडा चढतो, वरचा नंतर. ९६ हा आकडा आठवडाभर घरी मोजून पक्का झाला तर तो उच्च रक्तदाबच.

घोरणं डॉक्टरांना नक्की सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्री दाब उतरायला हवा तो उतरत नाही. सकाळी डोकं जड असणं, दिवसा पेंग येणं हीही त्याचीच खूण.

तरुण वयात बीपी निघालं की 'का' हे शोधावं लागतं. साठीत बहुतेक वेळा एकच कारण सापडत नाही. पण तिशीच्या आतबाहेर मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाच्या धमनीचा अरुंदपणा, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा दोष, थायरॉइड, हे बघावं लागतं. तरुण मुलींमध्ये टाकायासू नावाचा धमन्यांचा दाह आपल्या देशात तुलनेने जास्त दिसतो. त्यात दोन हातांच्या बीपीत मोठा फरक पडतो, कधी एका हाताची नाडीच लागत नाही. लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि ईसीजी एवढ्या साध्या तपासण्यांतून पुष्कळ कळतं.

घेत असलेलं सगळं सांगा. अंगदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं, स्टेरॉइड, स्त्रियांच्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी बीपी चढतं. आणि ज्येष्ठमध. खोकल्यासाठी चार दिवस चघळणं वेगळं, महिनोन्‌महिने काढ्यात भरपूर घालणं वेगळं. ज्येष्ठमधाने शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि दाब वाढतो. ही माहिती पेशंट आपणहून कधीच देत नाहीत, कारण ते औषध वाटत नाही.

तुळजाई

विषय मोठ्यांचा चाललाय, पण माझी लेक १० वर्षांची आहे. शाळेच्या तपासणीत ११४/७० लिहून आलंय. १२० च्या खाली आहे म्हणून चांगलं समजायचं का? वजन वयाच्या मानाने जास्त आहे.

सह्यकडा

नाही, आणि इथे मात्र वय खरंच मोजायचं असतं. मुलांचं निरोगी बीपी मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि वय, मुलगा की मुलगी आणि उंची या तिन्हींवर ठरतं. बालरोगतज्ज्ञ त्याचे तक्ते वापरतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये चाळणीसाठी सोपे आकडे दिलेत. मुलींसाठी साधारण ३ व्या वर्षी १०२/६०, ६ व्या वर्षी १०५/६७, १० व्या वर्षी १०९/७२. मुलांचे आकडेही एक-दोन इकडेतिकडे तेच. याच्या वर आलं म्हणजे आजार ठरला असं नाही, पण नीट पुन्हा मोजून उंचीनुसार तक्त्यात बघायचं. १३ वर्षांपुढे मोठ्यांसारखी १२०/८० ची फूटपट्टी लागते.

म्हणजे तुमच्या लेकीचं ११४ पुन्हा तपासायला हवं. शाळेत बहुधा मोठ्यांचा पट्टा लावतात, तो लहान हाताला सैल पडतो आणि आकडा कमी दाखवतो, त्यामुळे जास्तच लक्ष द्या. बालरोगतज्ज्ञांकडे लहान पट्टा असतो. त्यांच्याकडे दोन-तीन वेगवेगळ्या वेळी मोजा. तोपर्यंत तिच्यासमोर घाबरून बोलू नका आणि डब्यातल्या वेफर्सच्या पुड्या थांबवा.

निशिगंध

माझं कायम ९४/६० असतं. वय २६. घरचे लो बीपी म्हणून सारखं मीठ-लिंबू-साखरेचं पाणी पाजतात. आता पाचवा महिना आहे तर जास्तच.

पहाटवारा

अभिनंदन ताई! चक्कर, अंधारी असं काही नसेल तर ९४/६० हे तुमचं नॉर्मल आहे, आजार नाही. तहान असेल तर साधं पाणी प्या, मिठाचं कशाला? गरोदरपणात मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतंच आणि शेवटी पुन्हा वर येतं.

पण एक लक्षात ठेवा. २० आठवड्यांनंतर दर तपासणीला बीपी आणि लघवी तपासून घ्या. १४०/९० झालं तर लगेच दाखवायचं. १६०/११० म्हणजे त्याच क्षणी दवाखाना. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, यात आकडा कमी असला तरी थांबायचं नाही. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही मोजत राहा, धोका तेव्हाही असतो. ज्यांना गरोदरपणात बीपी झालं त्यांनी पुढे दरवर्षी मोजायलाच हवं, पुढच्या आयुष्यात त्यांना ते लवकर गाठतं.

रातांबा

मिठाचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे सैंधव वापरतात, बीपीला चालतं म्हणून. चालतं का? आणि बाजारात 'कमी सोडियम' मीठ आलंय त्याचं काय?

सह्यकडा

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे बीपीला काही फरक नाही. शिवाय त्यात सहसा आयोडीन घातलेलं नसतं.

वयाबरोबर बीपी वाढणं अटळ नाही याचा सगळ्यांत मोठा पुरावा मिठाशीच जोडलेला आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात जगभरच्या ५२ ठिकाणच्या लोकांचं बीपी आणि लघवीतलं सोडियम मोजलं होतं. त्यात ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलातले यानोमामी लोक होते. त्यांच्या जेवणात मीठ जवळपास नाहीच. त्यांचं सरासरी बीपी सुमारे ९६/६१ निघालं आणि वय वाढलं तरी ते वाढत नव्हतं. त्यांचं सगळं राहणंच वेगळं आहे, श्रम आहेत, स्थूलपणा नाही, हे धरूनही मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. साठीत १५० होणं हा निसर्गनियम असता तर तो त्यांनाही लागू झाला असता.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा मीठ सांगते. भाजी-आमटीतलं मीठ दिसतं तरी. पापड, लोणचं, सांडगी मिरची, सुकी मासळी, फरसाण, खारी, ब्रेड यांतलं मोजलंच जात नाही. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं, पोटासाठी घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या चूर्णांतही.

कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आले, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. काम करतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. रक्तात पोटॅशियम जास्त चढलं तर हृदयाची लय बिघडते. आणि हे मीठ एकाच डब्यातून सगळं घर खातं, म्हणून घरात असा कुणी आहे का हे आधी बघा.

देवराई

वयाची दुसरी बाजू मांडतो. आजी ८६ ची. बीपीची गोळी वाढवली आणि पंधरवड्यात पहाटे बाथरूमला जाताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बसवून मोजलेलं बीपी १२८/६४, एकदम छान होतं. तेव्हापासून घरात सगळ्यांच्या मनात गोळ्यांची भीती बसलीय.

सह्यकडा

देवराई, वाईट वाटलं. हा अनुभव या धाग्यावर यायलाच हवा होता.

ऐंशीच्या पुढेही औषधाचा फायदा होतो, हे २००८ च्या 'हायव्हेट' चाचणीने दाखवलं. ८० च्या पुढचे, वरचा दाब १६० हून जास्त असलेले लोक घेतले, लक्ष्य १५०/८० इतकंच माफक ठेवलं. तरी मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं, आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. पण त्यात घेतलेले लोक त्या वयाच्या मानाने धडधाकट होते. अंथरुणाला खिळलेली, विसरभोळी झालेली, सारखी पडणारी माणसं त्यात नव्हती. त्यांच्यासाठी आकडा माणूस बघून ठरवायचा असतो.

आणि या वयात उभं राहूनही मोजायलाच हवं. आधी बसून, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ती व्यक्ती पहाटे उठताना पडू शकते. प्रोस्टेटसाठीची काही औषधं, झोपेच्या गोळ्या, मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम, उन्हाळ्यात कमी प्यायलेलं पाणी, सगळं यात भर घालतं. अशा वेळी सगळ्या गोळ्या बंद करणं हा उपाय नाही. कुठली गोळी, किती, कुठल्या वेळी, हे डॉक्टरांसोबत बसून पुन्हा लावायचं. आजींना सांगा, उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडं बसायचं, पोटऱ्या हलवायच्या, मग आधार धरून उभं राहायचं.

मोरपिसारा

स्मार्ट घड्याळातल्या बीपीबद्दल कुणी सांगेल का? भाऊ तेच बघून गोळी अर्धी करतो.

सह्यकडा

पट्टा न फुगवता बीपी सांगणाऱ्या घड्याळावर औषध ठरवू नये, जागतिक तज्ज्ञसंस्थांची शिफारस तशीच आहे. भावाला दंडावर लावायचं प्रमाणित मशीन घ्यायला सांगा, आणि ते पहिल्यांदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघायला.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटवारा ताईंनी सांगितलं तसं आठवडाभर मोजलं. वडिलांना सुरुवातीला कटकट वाटली, मग स्वतःच वहीत आकडे लिहायला लागले. सरासरी १५६/७४ आली. वही घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उभं करूनही मोजलं, रक्त-लघवी तपासली, ईसीजी काढला आणि अ‍ॅम्लोडिपिनची सकाळची एक छोटी गोळी सुरू केली. वय अधिक शंभरवाला कागद वडिलांनी डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यांना रूझवेल्टची नाही, पण तशीच एक गावातल्या माणसाची गोष्ट सांगितली. ती वडिलांना पटली.

आता त्यांचा प्रश्न आहे: आकडा १३० वर आला की गोळी सोडायची का? शेजारचे सांगतात, एकदा लागली की सवय लागते.

सह्यकडा

सवय लागत नाही. आकडा १३० वर येतो तो गोळीमुळे. सोडली की काही दिवसांत बहुतेक वेळा परत चढतो, आणि चढलेला जाणवत नाही, हाच धोका. वजन उतरलं, मीठ कमी झालं आणि दाब सातत्याने कमीच राहायला लागला तर डॉक्टर गोळी कमी करतात, कधी थांबवतातही. पण ते वहीतले आकडे बघून, आपल्या मनाने नाही.

अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्यावर सूज येते. आली तर घाबरून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, पर्याय आहेत. पहिले काही आठवडे वही चालू ठेवा, नंतर महिन्यातून दोन-चार दिवस मोजलं तरी चालेल. थंडीत आकडा थोडा चढतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात उतरतो, तेव्हा ऋतू बदलताना पुन्हा आठवडाभर मोजून वही दाखवून या. शेतावर जायला काहीच हरकत नाही, उन्हाच्या आधी जाऊ देत आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या.